इग्वाना पाळायचाय? तळहातावरच्या पिल्लामागे सहा फुटांचा सरडा असतो

मोबाइलवर एक रील येतं. सोफ्यावर बसलेला तरुण, त्याच्या खांद्यावर हिरवागार सरडा. पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी झालर आणि चेहऱ्यावर एखाद्या म्हाताऱ्या राजासारखा भाव. खाली शेकडो प्रतिक्रिया: 'किती गोड!', 'कुठे मिळेल?', 'किंमत सांगा.'

हा सरडा म्हणजे हिरवा इग्वाना. कुत्रा, मांजर, पोपट यांपेक्षा वेगळं काहीतरी पाळायची हौस असलेल्यांमध्ये गेल्या काही वर्षांत तो आपल्याकडेही दिसू लागला आहे. दुकानात त्याचं पिल्लू तळहातावर मावतं. भुंकत नाही, केस गाळत नाही, वास मारत नाही, पाला खातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणखी काय हवं?

अडचण अशी, की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी असूनही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. पाळायला अवघड असलेल्या सरड्यांमध्ये इग्वानाची गणना होते. चुकीच्या पद्धतीने ठेवलेला इग्वाना लगेच मरत नाही. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, हळूहळू खंगत जातो आणि घरच्यांना वाटतं, 'आमचा फार शांत आहे.'

म्हणून घरात आणण्याआधी हा प्राणी नेमका काय आहे, त्याला काय लागतं आणि आपला कायदा याबद्दल काय सांगतो, हे समजून घेऊ.

इग्वाना नेमका कोण?

हिरव्या इग्वानाचं शास्त्रीय नावही 'इग्वाना इग्वाना' असंच आहे. तो मूळचा मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून खाली ब्राझीलपर्यंतच्या उष्ण प्रदेशातला आणि कॅरिबियन समुद्रातल्या काही बेटांवरचा. नद्यांच्या काठी असलेल्या उंच झाडांवर तो राहतो. धोका दिसला, की फांदीवरून थेट पाण्यात उडी मारतो आणि शेपटीच्या फटकाऱ्याने पोहत निघून जातो.

आपल्या घोरपडीशी त्याचं थोडं साम्य दिसतं, पण दोघांचे स्वभाव आणि सवयी पूर्ण वेगळ्या. घोरपड शिकारी आहे, किडे, अंडी, उंदीर असं काहीही खाते. इग्वाना जवळजवळ पूर्ण शाकाहारी आहे आणि त्यातही मुख्यतः पानं खाणारा. सरड्यांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ आहे. त्याच्या शरीराची सगळी रचना याच आहाराभोवती उभी राहिली आहे, हे पुढे लक्षात येईल.

त्याच्या डोक्याच्या मध्यावर एक फिकट खवला असतो. त्याखाली असतो त्याचा 'तिसरा डोळा'. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून झडप घालणाऱ्या ससाण्याची सावली ओळखायला तो उपयोगी पडतो. म्हणूनच वरून हात घालून उचलायला गेलं, की इग्वाना घाबरतो. त्याच्या लेखी तो हात म्हणजे शिकारी पक्षी. त्याला समोरून, हळू हात दाखवत, पोटाखालून आधार देऊन उचलावं लागतं.

तो किती मोठा होतो?

अंड्यातून बाहेर येतो तेव्हा इग्वाना शेपटीसकट साधारण 20 ते 25 सेंटिमीटरचा असतो आणि त्यातली बरीचशी लांबी शेपटीचीच. दुकानातल्या काचेच्या पेटीत तो इवलासा दिसतो. पण नीट खाऊपिऊ घातलं तर दोन-तीन वर्षांत तो चार फुटांच्या पुढे जातो. पूर्ण वाढलेला नर पाच ते सहा फूट लांब असू शकतो आणि वजन चार-पाच किलोंपर्यंत जातं, काहींचं त्याहूनही जास्त.

'लहान पेटीत ठेवला तर लहानच राहतो' असं सर्रास सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. पेटी लहान असली म्हणून प्राणी स्वतःची वाढ आटोपती घेत नाही. वाढ खुंटली असेल तर ती उपासमारीने, थंडीने किंवा आजाराने खुंटलेली असते.

मोठ्या इग्वानाला किती जागा लागते? तो झाडावरचा प्राणी असल्यामुळे त्याला उंची लागते. किमान सहा फूट उंच, सहा ते आठ फूट लांब आणि तीन-चार फूट खोल असा पिंजरा, त्यात त्याचं वजन पेलतील अशा जाड आडव्या फांद्या, वरच्या बाजूला शेकायची जागा आणि खाली पाण्याचं मोठं टोपलं. म्हणजे दोन मोठी कपाटं शेजारी शेजारी ठेवली तर जेवढी जागा अडेल, तेवढी. वन बीएचकेमध्ये ही जागा कुठून काढणार, हे पिल्लू घेण्याआधीच ठरलेलं हवं.

आणि हे किती वर्षं? चांगली काळजी घेतली तर इग्वाना 15 ते 20 वर्षं जगू शकतो. आठवीतल्या मुलाने हट्ट करून आणलेला इग्वाना त्या मुलाच्या लग्नातही असू शकतो. मधल्या काळात त्याचं कॉलेज, दुसऱ्या शहरातली नोकरी, भाड्याची घरं हे सगळं येणार. तेव्हा पाला कोण निवडणार? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं: आई.

ऊन: काचेतून येणारं चालत नाही

इग्वाना पाळणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर पाहू.

हाडं मजबूत व्हायला कॅल्शियम लागतं. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड-3 जीवनसत्त्व लागतं. माणसाप्रमाणेच इग्वानाच्या त्वचेतही हे जीवनसत्त्व उन्हातल्या अतिनील किरणांमुळे तयार होतं. या किरणांमधल्या एका ठरावीक पट्ट्याला यूव्हीबी म्हणतात. इग्वाना दिवसाचे कित्येक तास उघड्या फांदीवर ऊन खात बसणारा प्राणी आहे. त्याच्या शरीराने ड-3 साठी भरवसा उन्हावर ठेवला आहे, अन्नावर नाही. त्यामुळे नुसत्या पावडरी आणि थेंब देऊन उन्हाची भरपाई होत नाही.

आता आपलं घर बघा. खिडकीतून भरपूर उजेड येतो, जमिनीवर उन्हाचा चौकोन पडतो, इग्वाना तिथे बसतो. मालकाला वाटतं, झालं काम. पण खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. उजेड आत येतो, ऊबही येते, फक्त हवी ती किरणं बाहेर राहतात. म्हणजे इग्वाना रोज 'उन्हात' बसतो आणि तरीही त्याच्या हाडांच्या दृष्टीने तो अंधारातच असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, खरं ऊन. बाल्कनीत किंवा गच्चीवर जाळीचा मजबूत पिंजरा करून रोज काही वेळ त्याला थेट ऊन द्यायचं. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत हवाच, नाहीतर उन्हाने त्याचा जीव जाऊ शकतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात तर दुपारी बाहेर ठेवायचंच नाही. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नये. काही मिनिटांत तिची भट्टी होते.

दुसरा उपाय म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी खास यूव्हीबी नळी. ती दिवसाला 10 ते 12 तास लावायची. घरातला एलईडी, झाडांसाठीचा दिवा किंवा पिवळा बल्ब यातलं कोणतंही तिची जागा घेऊ शकत नाही. नळी आणि इग्वाना यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको आणि अंतर नळीच्या वेष्टनावर दिलं असेल तेवढंच हवं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: ही नळी दिसायला वर्षानुवर्षं पेटत राहते, पण तिच्यातून निघणारी यूव्हीबी हळूहळू कमी होत जाते. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारणपणे सहा महिने ते वर्षभरात, ती बदलावीच लागते. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरा.

ऊब: पोटातली चूल बाहेरून पेटते

आपण जेवलो, की शरीर स्वतःच्या उष्णतेने ते अन्न पचवतं. इग्वानाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून तो सकाळी आधी शेकतो, अंग तापलं की खातो आणि खाल्लेलं पचवायला पुन्हा शेकतो.

त्यातच त्याचा आहार पानांचा. पानांमधला चोथा कोणत्याच सरड्याला स्वतःच्या बळावर पचवता येत नाही. इग्वानाच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांचा मोठा साठा असतो, ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून त्याला ताकद मिळते. गाय-म्हशीच्या पोटात चालतं तसंच काहीसं, फक्त जागा वेगळी. जंगलात नुकती जन्मलेली पिल्लं मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात आणि हे सूक्ष्मजीव आपल्या पोटात घेतात. ही सगळी भट्टी नीट चालायला अंगाचं तापमान 35-36 अंश सेल्सियसच्या आसपास जावं लागतं.

म्हणून पिंजऱ्यात एका टोकाला, वरच्या फांदीवर, 35 ते 38 अंशांची शेकायची जागा हवी आणि दुसऱ्या टोकाला 26-27 अंशांची थंड बाजू. म्हणजे त्याला हवं तसं इकडेतिकडे सरकता येतं. रात्री तापमान 22-23 अंशांच्या खाली जाऊ नये. हवेत दमटपणा भरपूर हवा, साधारण 70 टक्क्यांच्या आसपास.

कोकणात आणि मुंबईत दमटपणाचा प्रश्न फारसा येत नाही, पण एसीच्या खोलीत ठेवलं तर येतो. पुणे, नाशिक, विदर्भ, मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान दहा-बारा अंशांवर येतं. तिथे रात्री उष्णता देणारा, पण उजेड न देणारा चिनी मातीचा हीटर लागतो आणि तो तापमान नियंत्रकाला जोडलेला हवा. वीज गेली तर काय, याचंही उत्तर तयार हवं. प्राण्यांच्या दुकानात 'तापणारा दगड' मिळतो, तो घेऊ नका. इग्वाना वरून येणाऱ्या उष्णतेवर शेकायला शिकलेला आहे. पोटाखालची जागा किती तापली आहे हे त्याला नीट कळत नाही आणि पोट भाजेपर्यंत तो त्यावर बसून राहू शकतो.

पोट थंड राहिलं तर काय होतं? खाल्लेला पाला आतच पडून राहतो. इग्वाना खाणं कमी करतो. मालकाला वाटतं, भूकच कमी आहे याची.

पाला: कोणता आणि किती?

इग्वानाचं जेवण महाराष्ट्रातल्या भाजी मंडईत बऱ्यापैकी भागतं, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

जेवणाचा मोठा हिस्सा हिरव्या पानांचा हवा. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, लसूणघास, जास्वंदीची पानं आणि फुलं, द्राक्षाच्या वेलीची कोवळी पानं हे सगळं चालतं. त्याला जोड म्हणून किसलेला लाल भोपळा, घेवडा, फरसबी. अधूनमधून पपई किंवा आंब्याचा छोटा तुकडा, तोही चव म्हणून. रोज एकच पाला न देता आलटून पालटून द्यावा. सगळं बारीक चिरून, धुऊन. कीटकनाशक मारलेला किंवा रस्त्याकडेचा धुळीचा पाला नको.

पालक आपल्याला पौष्टिक वाटतो, पण त्यात ऑक्झॅलेट नावाचा घटक जास्त असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि शरीराला मिळू देत नाही. माठाचीही तीच गत. अशा भाज्या रोजच्या जेवणात नकोत. कोबी, फुलकोबी कधीतरी थोडी. काकडी आणि सॅलडची फिकट पानं म्हणजे बहुतेक पाणीच, पोट भरतं पण पोषण नाही. केळं इग्वाना आवडीने खातो, पण त्यात कॅल्शियम फार कमी.

अंडं, चिकन, पनीर, कुत्र्या-मांजराचं खाद्य, किडे हे देऊ नये. 'वाढ लवकर होते' म्हणून काही जण देतात. पानं खाण्यासाठी घडलेल्या मूत्रपिंडावर प्राणिज प्रथिनांचा ताण पडतो आणि त्याचे परिणाम काही वर्षांनी मूत्रपिंडाच्या आजारात किंवा सांध्यांच्या सुजेत दिसतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

इग्वाना अधूनमधून शिंकतो आणि समोरच्या काचेवर पांढरे डाग पडतात. घाबरू नका, ती सर्दी नाही. अंगातलं जादा मीठ तो नाकातल्या ग्रंथींमधून असं बाहेर टाकतो.

'शांत' इग्वाना सुखी असतो का?

आता सुरुवातीच्या त्या रीलकडे परत येऊ. खांद्यावर शांत बसलेला इग्वाना.

कुत्र्याला माणसाची सोबत हवी असते. इग्वानाला नसते. तो एकटा राहणारा, स्वतःची जागा राखणारा प्राणी आहे. अनेक महिने रोज थोडा थोडा वेळ दिला, तर तो माणसाला धोका समजणं सोडतो, हात लावू देतो, खांद्यावरही बसतो. माणसाचा खांदा त्याला उंच फांदीसारखा आणि उबदार वाटतो. याला सवय म्हणता येईल. त्याला प्रेम समजून अपेक्षा वाढवल्या तर पुढे मन दुखावतं.

विशेषतः नर वयात आल्यावर. वर्षातले काही आठवडे त्याचा विणीचा हंगाम असतो. अंगावर नारिंगी छटा येते, मान जोरजोरात वर-खाली हलते, गळ्याची झालर ताणली जाते आणि काल खांद्यावर बसणारा प्राणी आज मालकाच्या अंगावर धावून जातो. त्याचे दात बारीक पण करवतीसारखे असतात, चावा खोल जातो. शेपटीचा फटका चाबकासारखा लागतो. दोन नर एका पिंजऱ्यात कधीच ठेवू नयेत.

मादीचा प्रश्न वेगळा. नर जवळ नसला तरी ती अंडी घालू शकते, एकावेळी वीस-तीस किंवा त्याहून जास्त. त्यासाठी तिला उकरायला ओली, खोल माती लागते. तशी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि जीवावर बेतू शकतं.

पण खरी चिंता वाटावी ती वेगळ्याच इग्वानाची: जो कधीच फटका मारत नाही, पळत नाही, दिवसभर एका जागी डोळे मिटून पडलेला असतो. निरोगी लहान इग्वाना चपळ असतो, सावध असतो, पकडायला गेलं की निसटतो. पूर्णपणे 'शांत' झालेलं पिल्लू बहुतेक वेळा थंडीने गारठलेलं, अर्धपोटी किंवा आजारी असतं. जंगलात आजार दाखवणारा प्राणी पहिला मारला जातो. त्यामुळे इग्वाना शेवटपर्यंत आजार लपवतो. शिकारी प्राण्यांपासून वाचण्यासाठीची ही सवय घरात त्याच्याच विरुद्ध जाते.

कोणती लक्षणं दिसली की डॉक्टरांकडे जावं?

ऊन आणि कॅल्शियम कमी पडलं की शरीर रक्तातल्या कॅल्शियमची पातळी टिकवायला हाडांमधलं कॅल्शियम काढून घेऊ लागतं. हाडं मऊ होतात. मुलांमधल्या मुडदुसासारखाच हा आजार, आणि पाळीव इग्वानांमध्ये तो फार आढळतो.

पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवा:

- खालचा जबडा मऊ लागणं, सुजणं किंवा आखूड दिसणं
- मांड्या किंवा पुढचे पाय जाड, टणक दिसणं. अनेकांना हे 'तब्येत छान आहे' असं वाटतं, पण ती सूज असते
- बोटं किंवा पाय थरथरणं, झटके येणं
- पोट उचलून चालण्याऐवजी जमिनीवर घासत चालणं
- फांदीवर चढताना पडणं, साध्या उडीत हाड मोडणं
- चार-पाच दिवस न खाणं, डोळे खोल जाणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं
- कात नीट न सुटणं, विशेषतः शेपटीच्या टोकाला आणि बोटांना

लवकर लक्षात आलं तर योग्य उपचार, ऊन आणि आहार यांनी आजार थांबवता येतो. वाकलेली हाडं मात्र पुन्हा सरळ होत नाहीत.

इथे आणखी एक प्रश्न येतो: डॉक्टर कुठे? मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या पशुवैद्यांचा अनुभव मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या, कुत्र्यांचा असतो. आपल्यापासून किती अंतरावर असा डॉक्टर आहे, हे इग्वाना घेण्याआधी फोन करून विचारून ठेवा. आजारी पडल्यावर शोधायला लागलात, तर वेळ हातातून गेलेली असते.

घरच्यांना काही धोका?

इग्वाना विषारी नाही. पण इतर अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांप्रमाणे त्याच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. त्याला त्यांचा त्रास होत नाही, माणसाला मात्र जुलाब, ताप, पोटदुखी होते. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा संसर्ग गंभीर होऊ शकतो.

काळजी सोपी आहे, पण ती रोज घ्यावी लागते. इग्वानाला किंवा त्याच्या पिंजऱ्याला हात लावला की साबणाने हात धुणं. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न घासणं. ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर त्याला न सोडणं. तोंडाजवळ न नेणं, पापी न घेणं. घरात तान्हं बाळ असेल तर हा प्राणी सध्या आणूच नये.

कायदा काय सांगतो?

'परदेशी प्राणी आहे, त्याला आपला वन्यजीव कायदा लागू होत नाही' हे दुकानदारांचं आवडतं वाक्य. पूर्वी त्यात काही प्रमाणात तथ्य होतं. आता नाही.

धोक्यात येऊ शकणाऱ्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' नावाच्या कराराने नियंत्रण आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. हिरवा इग्वाना या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्याचा व्यापार पूर्ण बंद नाही, पण परवान्याशिवाय त्याला देशाच्या सीमेपलीकडे नेता-आणता येत नाही.

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आणि चौथी अनुसूची आली. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी करणं बंधनकारक झालं. 28 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्र सरकारने यासाठीचे नियम जाहीर केले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना नोंदणीसाठी सहा महिने मिळाले. नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश 2.0' या संकेतस्थळावरून होते आणि अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं.

याचा सरळ अर्थ: कागद न दाखवता, 'नंतर करून देतो' म्हणत कोणी इग्वाना विकत असेल तर घेऊ नका. विकणाऱ्याकडे त्या प्राण्याची नोंदणी आहे का आणि ती तुमच्या नावावर कशी होणार, हे पैसे देण्याआधी विचारा. अडचण आली तर ती विकणाऱ्याइतकीच तुमचीही असते.

आणि भारतातल्या सरड्यांचं काय? घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण तिला आहे. ती पकडणं, पाळणं, विकणं हे सगळं गुन्हा आहे. शेतात, रानात दिसलेला कोणताही सरडा हौसेसाठी घरी आणू नये, हा नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

जमलं नाही तर सोडून देता येईल का?

हा मार्ग अनेकांच्या मनात असतो. 'पाला खाणारा प्राणी आहे, नदीकाठी सोडला की जगेल.' तो जगेल हीच तर भीती आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 1960 च्या दशकात पहिल्यांदा मोकळे इग्वाना दिसले. पाळलेले, पळालेले, सोडलेले आणि मालातून आलेले. तिथली उष्ण, दमट हवा त्यांना मानवली. आज दक्षिण फ्लोरिडात ते सगळीकडे आहेत. बागा फस्त करतात, कालव्यांच्या काठाला, पदपथांखाली आणि समुद्राच्या भिंतींजवळ बिळं खणतात, त्यामुळे बांधकाम खचतं. जानेवारी 2020 मध्ये थंडीची लाट आली, तेव्हा मायामीच्या हवामान कार्यालयाने झाडावरून इग्वाना पडू शकतात, असा इशारा दिला होता. गारठलेले इग्वाना मेलेले नसतात, फक्त हालचाल बंद होऊन फांदीवरची पकड सुटते. एप्रिल 2021 पासून फ्लोरिडाने इग्वानाला प्रतिबंधित प्राण्यांच्या यादीत टाकलं. दक्षिण तैवानमध्येही पाळीव इग्वाना मोकळे सुटले, वाढले आणि आता त्यांना मोठ्या संख्येने मारावं लागतं.

कोकण, गोवा, केरळ इथली हवा त्यांच्या मूळ प्रदेशासारखीच आहे. एखाद्याने 'दया' म्हणून सोडलेला इग्वाना उद्या तिथल्या शेतकऱ्याची आणि वन विभागाची डोकेदुखी होऊ शकतो.

मग पाळावा की नाही?

काही जण तो खरंच उत्तम सांभाळतात. त्यांच्याकडे एक खोली किंवा बंदिस्त गच्ची असते, रोज ताजा पाला आणायची शिस्त असते, दिव्यांचं आणि विजेचं बिल झेपतं आणि हा प्राणी आपल्याला कधी शेपूट हलवून दाखवणार नाही हे त्यांनी मान्य केलेलं असतं. यांतली एकही गोष्ट नसेल, तर स्वतःच्या हौसेला थोडा धीर द्यायला हरकत नाही.

पाळायचंच ठरवलं, तर क्रम उलटा ठेवा. आधी पिंजरा बांधा. दिवे लावून आठवडाभर तापमान मोजा. डॉक्टर शोधा. कागदपत्रांची चौकशी करा. महिनाभर कोणता पाला कुठे मिळतो ते बघा. एवढं करूनही उत्साह टिकला, तर मग पिल्लू आणा. बहुतेक घरांत पिल्लू आधी येतं आणि बाकी सगळं 'बघू नंतर' म्हणून राहतं. त्या 'नंतर'मध्येच त्याची हाडं मऊ होतात.

आणि घरात आधीपासूनच इग्वाना असेल तर? आज संध्याकाळीच दोन गोष्टी तपासा. त्याच्या आणि उन्हाच्या मध्ये काच आहे का? यूव्हीबी नळी शेवटची कधी बदलली होती? मग त्याचा खालचा जबडा अगदी हलक्या हाताने चाचपून बघा. टणक लागला तर चांगलं. रबरासारखा दबला, तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.